दर्दी

केसपेपरवर सगळ्यात वर छापलेलं असतं :
दर्दीनुं नाम.
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
त्यापुढे मी लिहिलं,
उत्तरा माधव दिघे, वय एकेचाळीस,
आणि पुढच्या रकान्याकडे वळले.
तक्रार काय, किती दिवसांपासून.
तिथं पेन अडलं.

खरा दर्दी समोर खाटेवर होता.
तरसालीचा पोरगा, स्कूटरवर असताना
गळ्यावरून मांजा फिरलेला, सात टाके.
बोलायचं नाही म्हणून बजावलेलं,
तो नुसता बघत होता माझ्याकडे.

उत्तरायण संपलं होतं, वासी उत्तरायणही.
दोन दिवसांत गच्चीवरून पडलेले अकरा,
मांजानं चिरलेले तेवीस,
आणि एक आजोबा, ज्यांना काहीच झालं नव्हतं.
घरचे सगळे वर पतंगांत होते
आणि खाली त्यांच्या छातीत धडधडलं, एवढंच.
त्यांच्यावर मी ओरडले.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या घरी, दांडिया बाजारात,
दर्दी म्हणजे गाण्यातला.
बाबा तसे होते.
पुढच्या रांगेत कधी नाही, मागं खांबाला टेकून बसायचे
आणि नेमक्या जागी त्यांच्या तोंडून
एक 'अहा' निसटायचा, स्वतःलाच ऐकू जाईल इतका.
शाळेत गेल्यावर मला कळलं
की बाहेर दर्दी म्हणजे आजारी.
घरी येऊन मी ते हसत हसत सांगितलं.
बाबा हसले नाहीत. म्हणाले,
फार अंतर नाही गं त्यात.

पहिल्या वर्षी, जनरल वॉर्डात,
एका बाईच्या छातीला स्टेथोस्कोप लावला
आणि झडपेतून गळणारा तो बारीक सुस्कारा
पुस्तकात सांगितलेल्या जागी
मला अचानक सापडला.
'अहा' गेला माझ्याही तोंडून.
बाई घाबरली बिचारी.
आता छातीत नुसते आवाज असतात.
घरी मुलाचा फोन आला
तर मी विचारते, खाट नंबर किती?

मंगुबेननी कागद हाताखालून ओढून घेतला.
तीस वर्षं रात्रपाळी केलेली बाई.
चादरीची सुरकुती काढावी तशी
माझ्या नावावरून तिनं एक रेघ ओढली.
"बेन, आ केस मारो. तमे घेर जाओ."
म्हटलं, आठपर्यंत आहे मी.
ती म्हणाली, "नथी."

नथी.
एका शब्दात निदान.

परमारला तिनंच उठवलं असणार.
त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकली होती.
खाटा सांगितल्या एकेक, नऊच्या नऊ,
आजोबांची सांगताना म्हटलं,
यांच्याशी जरा बोल.

काळ्या घोड्याच्या पुलावर उजाडत होतं.
बाभळींत फाटके पतंग, दोरे, दोरे,
आणि खाली विश्वामित्रीच्या चिखलात
जबडा उघडून पडलेली एक मगर.
शिकार नाही, राग नाही.
ऊन पुरेसं होईपर्यंत
ती काहीच करत नव्हती
आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं.
मी कठड्याला टेकून बघत राहिले.
दवाखान्याचा फोन वाजला, थांबला,
परत वाजला.
तिथं परमार आहे, असं मी
मोठ्यानं म्हणाले. दूधवाला वळून बघून गेला.

मग सेवउसळ. गाडीवरचं पहिलंच पातेलं.
तरी जास्त, म्हटलं, आणखी.
पहिल्या घासाला नाक वाहिलं, डोळे वाहिले,
आणि वाहतच राहिले.
शेजारच्यानं काही न बोलता
पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.
तोंडून काहीतरी गेलं माझ्या.
'अहा' नव्हता तो.
त्याच्या गल्लीतला कुणीतरी.

बिलाच्या पाठीवर रजेचा अर्ज लिहिला, चार दिवस.
कारण : पुढची जागा मोकळी सोडली.